रिबीन बांधलेलं झाड

आसेगाव मागे पडलं की मी बसच्या खिडकीची काच सरकवते. शेजारी बसलेल्या बाईंना ते सहसा आवडत नाही. त्या डोक्यावरून पदर ओढून घेतात आणि 'शिकलेली दिसते, पण अक्कल नाही' अशा नजरेनं माझ्याकडे पाहतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, तरी मी काच लावत नाही. माघ लागलेला असतो, थंडीचा जोर ओसरलेला असतो आणि परतवाड्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या बागा फुललेल्या असतात. बसमध्ये डिझेलचा वास असतो, गर्दीचा असतो, कुणाच्या तरी पिशवीतल्या लसणाच्या पातीचा असतो. या सगळ्यांना कोपरानं बाजूला सारून संत्र्याच्या फुलांचा वास आत घुसतो आणि जागा नसली तरी बसतो.

शहरात, राजापेठेत मी राहते तिथे खालच्या मजल्यावर शिकवणी वर्ग आहे, वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग आहे आणि मध्ये मी आहे. तिथे ऋतू परीक्षांवरून ओळखावे लागतात. दारासमोर दुचाक्या वाढल्या की बारावी जवळ आली, कमी झाल्या की उन्हाळा लागला. फुलाबिलांचा तिथे संबंध नाही. म्हणून दरवर्षी या दिवसांत कॉलेजातून दोन दिवसांची रजा काढून मी गावी जाते. अचलपूरच्या अलीकडे आमची बाग आहे. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा संत्र्याचा बहार, फुलला की आईचा फोन येतो, "येऊन पायून जाय बाप्पा, मंग म्हनशीन सांगतलं नाई."

पण गंमत अशी की, लोकांना या वासानं गाव आठवतं आणि मला मात्र अकोल्यातली एक अंधारी, थंडगार खोली आठवते. त्या खोलीत हा वास कधी नव्हताच. तिथे वास होता तो वातानुकूलन यंत्राचा आणि वानखडे मॅडमच्या चहाचा, आणि चहासुद्धा दाराबाहेरच प्यावा लागे.

वानखडे मॅडम माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. बोलायला सडेतोड, पदर खोचून कामाला उभ्या राहणाऱ्या, आणि संस्थेत नव्यानं आलेल्या कन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या सर्वेसर्वा. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कारण धूळ. पण हळूहळू येणारे-जाणारे दारातूनच हात जोडायला लागले. दसऱ्याला तर कार्यालयातली मंडळी हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन हजर. मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुकू भिंगावर उडालं तं मी जीव देईन!" शेवटी तडजोड झाली. हार यंत्राऐवजी बाहेरच्या बॅटऱ्यांच्या पेटीला घातला. वीज गेली की यंत्राचा जीव तीच पेटी वाचवत असे, तेव्हा मान तिचाच होता म्हणा.

माझा विषय होता संत्र्याचं फूल. आंबिया बहारात आमच्याकडे फुलं एवढी येतात की झाडाखाली पांढरा सडा पडतो, आणि घरातल्या माणसांचा चेहरा त्या सड्याकडे बघून उतरतो. पडलेलं फूल म्हणजे न झालेलं फळ. मला पाहायचं होतं की फुलावर पराग पडल्यावर पुढे काय होतं. परागकणातून एक बारीक नळी निघते, फुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या दांडीतून खाली उतरते आणि तळाशी बीज व्हायचं असतं तिथे पोचते. की वाटेतच थांबते? साध्या सूक्ष्मदर्शकातून एवढंच दिसे की आत काहीतरी आहे. एवढ्यावर कुणी पदवी देत नाही.

"या बहारात नळी खालपर्यंत नीट दिसली तं ठीक," मॅडम म्हणाल्या होत्या. "नाई तं विषय बदल. आंबिया वर्षातून एकदाच येते, मी तुले म्हातारी होऊ देनार नाई. कुंडीतलं काहीतरी घे." कुंडीतलं काहीतरी! मी बागेत वाढलेली मुलगी. पाळण्यातून उतरले ती संत्र्याच्या आळ्यातच उतरले असेन. तो विषय सुटणं म्हणजे घरी जाऊन बाबांना सांगणं, की तुमची झाडं काही मला समजली नाहीत.

कन्फोकल म्हणजे काय हे मी पुस्तकातून पुष्कळ वाचलं होतं. कळलं ते मॅडमच्या एका वाक्यात. "लग्नाच्या मांडवात शंभर बाया एकदम बोलून राहिल्या, तं तुयी मावशी काय म्हनते ते आयकू येते का? नाई येत. बाकीच्यायची तोंडं बंद केली की येते. हे बारीक छिद्र पाय, पिनहोल. याचं काम तेवढंच. पाहिजे त्या थराचा उजेड येऊ द्याचा, वरच्या-खालच्याले म्हनायचं, चूप." मग एका थराचं चित्र घ्यायचं, जरा खाली उतरायचं, दुसऱ्याचं घ्यायचं, असं करत सगळे थर एकावर एक रचले की आतली वस्तू उभी राहते. लेझरचा ठिपका पेरणीच्या तिफणीसारखा जातो, एक तास, म्हणजे एक ओळ, झालं की दुसरं, वावर पूर्ण होईपर्यंत. पडद्यावर चित्र वरून खाली उमटत येतं, आणि पाहणाऱ्याचा श्वास त्या रेघेबरोबर खाली उतरतो.

सुरुवातीला मी कांद्याची साल पाहिली. कांद्यावरून जीव ओवाळून टाकावा असे ते दिवस होते. मेसमध्ये भाजीत कांदा दिसला तरी मला त्याच्या पेशींच्या भिंती आठवत. मग जास्वंदीचं पान झालं, मग वसतिगृहाच्या आवारातल्या लिंबाचं फूल. बटणं हाताला लागली. कुठे किती फिरवायचं याचा अंदाज आला, निदान मला तसं वाटलं. आणि मग मी माझ्याजवळची खरी संत्र्याची फुलं काढली. हंगाम सोडून आलेली थोडी चुकार फुलं मी बाटल्यांत टिकवून ठेवली होती.

इथे आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं की वाढणाऱ्याच्या हाताला जोर येतो. ताटावर पाहुण्यानं आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वरण सोडतात. कमी देणं आम्हाला शिकवलेलंच नाही. मी त्या फुलांना लेझरखाली चमकणारा रंग दिला तो हात सैल सोडून. लेझर लावला तो जवळजवळ पूर्ण. वर आवाज वाढवावा तशी चित्राचा उजळपणाही वाढवला. पडदा लखलखला. मी खुशीत मॅडमना हाक मारली. त्या येईस्तोवर लखलखाट मंद झाला, मग फिका, मग करडा. मी अजून उजेड दिला. ते अजून करडं झालं. चित्राची चौकट मोठी करून पाहिली तर माझा लेझर जिथे जिथे फिरला होता तिथे एक काळा चौकोन, रांगोळी पुसावी तसा.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाळलं न तू त्याले."

"मॅडम, मले वाटलं नीट दिसन..."

"नीट पायासाठी कोनी कोनाले जाळते काय? रंग एकदाच उजळते बाई. तू पायशीन तेवढा तो खर्च होते. कमीत कमी उजेड दे आन् धीर धर. दिसते."

धीर धरणं मला कधी जमलेलं नव्हतं, आणि चुकार फुलं संपली होती. आता सगळा भरवसा आंबिया बहारावर.

आंबिया बहार आपोआप येत नाही, तो धरावा लागतो. दिवाळीनंतर बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाडं तहानतात, पानं माना टाकतात, काही पिवळी होऊन गळतात. बघवत नाही. पण याच तहानेत झाडाच्या पोटात फूल धरतं. मग ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं, की थोड्याच दिवसांत बाग पांढरी होते. ताण न दिलेलं झाड मस्त हिरवंगार राहतं आणि फुलाच्या नावानं शंख.

हे सगळं बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अडचण ज्ञानाची नव्हती, काळजाची होती. माना टाकलेली झाडं त्यांना सोसत नसत. दरवर्षी ताण अर्ध्यावर आला की ते जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हणत, "थोडंसं ओलवून द्यावं काय?" आई त्यांना ओळखून होती. ताण सुरू झाला की ती मोटरीचे फ्यूज काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवायची. आमच्या घरी वरण शिजवताना सांभाळून डाळ काढावी लागे.

त्या वर्षी ताण सुरू व्हायच्या वेळी मी गावी गेले आणि मधल्या ओळीतल्या चांगल्या, भरदार झाडांना माझ्या शाळेतल्या लाल रिबिनी बांधल्या. बाबांना म्हटलं, "बाबा, हे माह्ये झाडं. यायचीच फुलं मी अकोल्याले नेईन. जपजा."

"फिकर नोको करू," बाबा म्हणाले. तेव्हाच मला फिकर वाटायला हवी होती.

माघात बहार फुलल्याचा फोन आला. मी बाटल्या, ब्रश, चिमटे घेऊन पहिल्या गाडीनं गेले. बांधावरूनच बाग पांढरी दिसत होती. मधमाश्यांचा आवाज असा की शेजारी कुणीतरी गिरणी चालू केली असावी. मी धावतच मधल्या ओळीत शिरले. आणि तिथे माझी झाडं उभी होती, रिबिनी बांधलेली. काळीशार हिरवी, तुकतुकीत, सगळ्या बागेत देखणी. फूल म्हणाल तर शपथेला एखादं.

मी आईकडे पाहिलं. आई बाबांकडे पाहत होती. बाबा आभाळाकडे.

"सांगा आता तिले," आई म्हणाली. "बादली घेऊन कोठी जात होते संध्याकायी, ते सांगा."

फ्यूज डाळीत, म्हणून बाबा विहिरीवरून बादलीनं पाणी शेंदून नेत होते. बाकीच्या झाडांच्या डोळ्यांदेखत, फक्त माझ्या झाडांना.

"बाबा! काहून केलं असं? तुमाले मालूम हाय न ताणाचं?"

"मालूम हाय बाई." बाबा खाली बसले आणि एका रिबिनीची सुटलेली गाठ बांधायला लागले. "बाकीचे झाडं बजारात जातेत. हे तं शिक्षनाले चालले होते. त्यायले उपाशी कसं धाडू? मले वाटलं, यायले ताण कायले द्याचा."

मी रागानं तोंड उघडलं, आणि त्या क्षणी मला पडद्यावरचा तो काळा चौकोन दिसला. मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण विषय हातचा चालला होता आणि आम्ही दोघंही एकाच मातीचे निघालो होतो. माझं बघून आई हसली. बाबांना काय झालं ते कळेना, पण सगळे हसतात म्हटल्यावर तेही हसले. 'देवा, एखादं तरी फुललेलं झाड दाखव,' असं कधी नव्हे ते माझ्या तोंडून निघालं.

मग मी फुललेलं झाड शोधत फिरले. पार टोकाला, बांधाला लागून एक झाड होतं. पाटाचं पाणी तिथवर धड पोचत नसे. त्याला कुणी कधी नावाजलं नव्हतं, रिबीन तर दूरच. ते एवढं फुललं होतं की पान दिसत नव्हतं. मी तिथेच बैठक मारली. उमलायच्या बेतातल्या कळ्या निवडायच्या, त्यांच्यावर ब्रशनं पराग लावायचा, आणि दुसऱ्या कुठल्या फुलाचा पराग येऊ नये म्हणून वर मलमलीची पिशवी बांधायची. पिशव्या आईनं जुन्या धोतराच्या शिवून दिल्या. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारी, "काय वं, झाडाले कुंची घातली काय?" आई सांगे, "हो, बारशाले या!"

हल्ली मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन अकोल्याच्या त्या खोलीत जाते, तेव्हा त्यांचीही बोटं पहिल्यांदा उजेड वाढवायच्या बटणाकडेच वळतात. मी त्यांना मॅडमची मावशी सांगते, आमचा फ्यूज सांगते. ते हसतात. आणि तरीही उजेड वाढवतातच. प्रत्येकाला स्वतःचं एक फूल जाळावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी फुलं योग्य वेळी तोडून, टिकवणाऱ्या द्रावणात घालून मी निघाले, तर बाबा धुतलेलं धोतर नेसून तयार. "बाटल्या हिंदकयतीन," म्हणाले. अंजनगाव, अकोट करत एसटी अकोल्याला पोचेपर्यंत त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय काका?" बाबा म्हणाले, "नाजूक सामान." दुसऱ्या हातात मॅडमसाठी ओल्या हरभऱ्याचे डहाळे. फुलांची दांडी मऊ व्हायला, तिच्यावर रंग चढायला वेळ लागतो, असं मी सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी आत्याकडे मुक्काम ठोकला आणि रोज संस्थेच्या फाटकाशी येऊन "झालं का?" म्हणून विचारू लागले. मॅडमनाच शेवटी दया आली. "आन तुया बाबाले आत. फाटकावरचा शिपाई तरास झाला म्हनते."

बाबांनी दाराबाहेर वहाणा काढल्या, पाय पुसले, माझी शाल अंगावर घेतली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. मॅडमनी दिवे घालवले. बाहेर अकोल्याचं ऊन तापायला लागलेलं, आत अंधार आणि यंत्राच्या पंख्याची घरघर. मी काचपट्टी ठेवली. रंग या वेळी बेतानं दिला होता. लेझर अगदी कमी केला. हात आपसूक वर जाऊ बघत होता, तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला म्हटलं तरी चालेल. छिद्र बारीक केलं. आणि थांबले.

पडदा काळा. ठिपका तिफणीसारखा तासामागून तास चालत होता. काही नाही. बरंच खाली आल्यावर एक धागा उमटला. पडद्यावरचा रंग आपणच निवडायचा असतो, मी हिरवा निवडला होता. हिरवा, केसासारखा धागा, परागकणातून निघून खाली गेलेला. मग त्याच्याजवळ दुसरा, तिसरा, पुष्कळ. मी काचपट्टी पुढे सरकवली. दांडी खोल होत गेली तसे धागे कमी झाले. काही वाटेतच थांबले होते, टोकाशी जरा फुगून. पुन्हा सरकवली. आता मोजकेच. एक धागा वळून दिसेनासा झाला. पण तो संपला नव्हता, खालच्या थरात उतरला होता. मी थर बदलला. तो होता. अजून एक थर. होता. तळाशी बीजांडाची गोल कड दिसली, आणि धागा तिच्या तोंडाशी जाऊन आत शिरला.

"पोचलं का?" बाबांनी अंधारातून विचारलं.

"पोचलं, बाबा."

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे जवळजवळ थाप मारली. विषय माझा राहिला होता. मला इतका आनंद झाला की तेच चित्र अजून मोठं करून, अजून उजळ करून पुन्हा घ्यावंसं वाटलं. मी बटणाकडे हात नेला.

"बाई," बाबा म्हणाले, "आता बंद कर तो उजेड. बिचारं एवढं लांबून चालत आलं. निजू दे त्याले."

मॅडम खो खो हसल्या. "काकाजी, हेच तं मी हिले दिवायीपासून सांगून राहिली!" बाबांना आपण शहाणपणाचं काही बोललो याचा पत्ताच नव्हता. त्यांना फक्त दया आली होती, जशी माना टाकलेल्या झाडांची येते तशी. मी लेझर बंद केला. चित्र जतन झालं होतंच. अंधारात बाबांनी खिशातला हरभऱ्याचा एक घाटा सोलला आणि मॅडम ओरडल्या, "इथं खायाचं नाई, काकाजी!"

बस अचलपूरच्या अलीकडे थांबते. बाबा फाट्यावर उभे असतात. आता त्यांचे केस पार पिकले आहेत आणि स्कूटी चालवायला मीच बसते, ते मागे. घरी चहा होतो आणि मग आम्ही बागेत जातो. यंदा बहार दाट आहे. बांधापासून विहिरीपर्यंत सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्याच्या बरोबर मध्ये एक झाड काळंशार हिरवं. त्यावर एक फूल नाही. फांदीला रिबीन आहे, दर वर्षी नवी असते, यंदाची पिवळी.

"हे आजून करता तुमी?" मी विचारते.

"एखांदं असू द्याव न," बाबा रिबीन नीट करत म्हणतात. "तुयं झाड हाय."

आई लांबूनच ओरडून सांगते की फ्यूज अजून डाळीतच आहे, आणि बादलीचा तळ गेला आहे, नवी आणावी लागेल. मी त्या झाडाच्या सावलीत बसते. फूल नसल्यामुळे तिथे मधमाश्या येत नाहीत, आणि सावली सगळ्या बागेत तिथलीच दाट आहे.